कार्ब्युरेटर साफ करायचा की नवाच बसवायचा?

गाडी चोकवर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची कळ) चालते, चोक बंद केला की मरते. इथेच बरेच जण नव्या कार्ब्युरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, किंमत विचारू लागतात. पण हे दुखणं बहुधा तुंबलेल्या पायलट जेटचं (इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारी छोटी पितळी नळी) असतं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला चिकटा भोक बुजवतो. (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारं मॅनिफोल्डचं रबर तडकून हवा ओढत असेल तरी लक्षणं हीच. ते आधी बघा, नाहीतर नवा कार्ब्युरेटरही विनाकारण बदनाम होईल.)

नुसती घाण असेल तर साफ करणंच बरं. मात्र वरून क्लीनरचा फवारा मारला म्हणजे साफ झालं असं नाही. जेट काढून उजेडाकडे धरा, आरपार स्वच्छ गोल दिसला पाहिजे. आधी हवा मारा, अगदीच अडलं तर तांब्याची बारीक तार. स्टीलच्या तारेने भोक मोठं झालं तर गाडी कायम जास्त पेट्रोल पिणार. रबरी भाग फवाऱ्यापासून लांब ठेवा, ते फुगतात. आणि एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत नेऊन फेरे मोजा, लिहून ठेवा. ‘लक्षात राहील’ म्हणून मी एकदा लिहिले नाहीत आणि आयडलिंग (रेस न देता इंजिनाचं हळू चालणं) लावण्यात अख्खा रविवार घालवला.

झिजलेल्या कार्ब्युरेटरला मात्र कितीही धुतलं तरी फरक पडत नाही. थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवून बघा. खुळखुळत असेल, तर तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच एका जागी टिकत नाही. स्लाईडवर (रेस दिली की आत वर-खाली सरकणारा तुकडा) खोल ओरखडे असतील तरी तेच. अशा वेळी नवा घ्या.

नुसता ओव्हरफ्लो होत असेल, म्हणजे पेट्रोल बाहेर गळत असेल, तर दुरुस्तीचं किट पुरतं. त्यातली फ्लोट नीडल (पेट्रोल पुरेसं भरलं की ते आत येणं थांबवणारी सुई) आणि गॅस्केट वापरा. जेट मात्र नंबर जुळल्याशिवाय बसवू नका, मी तर जुनेच धुऊन परत लावतो.

नव्यातही एक गोम आहे. स्वस्त नकलेतले जेट तुमच्या इंजिनाच्या मापाचे असतीलच असं नाही. थोडी गाडी फिरवून स्पार्क प्लग काढा आणि त्याचं टोक बघा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. पांढरा दिसला तर तसंच दामटू नका, इंजिन तापून पिस्टन जाईल.