लिमिट ऑर्डर कुठल्या रांगेत उभी राहते: अमेरिकी शेअरसाठी ब्रोकर निवडताना

ऑक्टोबर २०१९ मध्ये श्वाब, टीडी अमेरिट्रेड आणि ई-ट्रेड यांनी एकामागोमाग एक दलाली सोडली आणि ‘दलाली किती’ हा प्रश्न बहुतेकांपुरता संपला. आता बघायचं ते हे की ऑर्डर ब्रोकरकडून पुढे कुठे जाते आणि तिथे तिला काय भाव मिळतो. पर्याय ढोबळमानाने तीन. रॉबिनहूड किंवा आयबीकेआर (इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स) लाइट, जिथे ऑर्डर पाठवल्याबद्दल मार्केट मेकर, म्हणजे सौद्यात स्वतः समोरची बाजू घेणारी कंपनी, ब्रोकरला पैसे देतो. फिडेलिटी, जी शेअर आणि ईटीएफच्या ऑर्डरवर असे पैसे घेत नाही, ऑप्शन्सवर मात्र घेते. आणि आयबीकेआर प्रो, जिथे दलाली पडते पण एक्सचेंज तुम्ही ठरवू शकता.

मार्केट ऑर्डरपुरतं, म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच होणाऱ्या सौद्यापुरतं बोलायचं तर फुकटचे ब्रोकर लोक समजतात तितके वाईट नाहीत. एक डॉलरच्या वरच्या शेअरचा भाव पूर्ण सेंटांतच लावता येतो, सौदा मात्र सेंटाच्या अंशातही होऊ शकतो. किरकोळ ग्राहकाच्या ऑर्डरमागे सहसा मोठी माहिती नसते, म्हणून सिटाडेल सिक्युरिटीज किंवा व्हर्च्यूसारखे मार्केट मेकर दिसत्या भावापेक्षा थोडा बरा भाव देऊ शकतात. १०० शेअरवर ०.२ सेंट सुटले तर २० सेंट वाचले. आयबीकेआर प्रोच्या फिक्स्ड योजनेत शेअरमागे अर्धा सेंट, पण किमान १ डॉलर पडतो. एक सेंटाच्या स्प्रेडमध्ये (खरेदी आणि विक्रीच्या भावांतल्या फरकात) १०० शेअरवर तो डॉलर वसूल करायचा तर अख्खा स्प्रेड खिशात यायला हवा. २०० शेअरनंतरही मिडपॉइंटला, म्हणजे त्या दोन भावांच्या मधोमध सौदा झाला तर जेमतेम बरोबरी होते. लहान मार्केट ऑर्डरला प्रो महागच पडतं.

याला एक सावध टीप जोडतो. डिसेंबर २०२० मध्ये एसईसीने, म्हणजे अमेरिकी शेअर बाजाराच्या नियामकाने, रॉबिनहूडला ६.५ कोटी डॉलरचा दंड केला. ऑक्टोबर २०१६ ते जून २०१९ या काळात वाचलेली दलाली जमेस धरूनही ग्राहकांचं ३.४१ कोटी डॉलरचं नुकसान झालं, असं एसईसीचं म्हणणं होतं. कंपनीने आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. जुन्या काळावरून आजचा निवाडा करू नये. पण जाहिरातीतला ‘इतके डॉलर वाचवले’ हा आकडाही जपून वाचावा. तो एनबीबीओशी, म्हणजे सगळ्या एक्सचेंजांवरच्या सर्वोत्तम जाहीर भावाशी तुलना करून काढलेला असतो, आणि महागड्या शेअरमध्ये खरा बरा भाव पुष्कळदा ऑड लॉटमध्ये (ठरलेल्या गठ्ठ्यापेक्षा लहान ऑर्डरमध्ये) असतो, जो एनबीबीओत धरला जात नाही.

माझा कौल मात्र एका वेगळ्याच त्रासाने ठरवला: आपण सांगितलेला भाव मिळेपर्यंत रांगेत उभ्या राहणाऱ्या लिमिट ऑर्डरने.

समजा शेअर ४०.१२ बाय ४०.१४ चालू आहे, म्हणजे घेणारे ४०.१२ देतात आणि विकणारे ४०.१४ मागतात. तुम्ही ४०.१२ ला २०० शेअरची खरेदी लावली. टेपवर, म्हणजे झालेल्या सौद्यांच्या चालत्या यादीत, ४०.१२ चे सौदे दिसतात, ३००, १००, पुन्हा ५००. मग भाव ४०.१९ ला जातो आणि तुमची ऑर्डर जिथल्या तिथे. याचं कारण बहुधा एक्सचेंजच्या शुल्कात असतं. नेहमीच्या मेकर-टेकर एक्सचेंजवर रांगेत उभ्या ऑर्डरला रिबेट (एक्सचेंजकडून थोडे पैसे) मिळतो आणि समोरून येऊन सौदा करणारा शुल्क भरतो. २००५ च्या रेग्युलेशन एनएमएस या एसईसीच्या नियमावलीने त्या शुल्काला १०० शेअरमागे ३० सेंटांची मर्यादा घातली. सीबो बीवायएक्ससारख्या एक्सचेंजचा हिशेब उलटा: तिथे समोरून येणाऱ्याला पैसे मिळतात. साहजिकच विकणारा आधी स्वस्त ठिकाणी जातो. सर्वाधिक रिबेटचं एक्सचेंज त्याच्या यादीत शेवटी येतं, आणि नेमकी तिथलीच रांग सगळ्यांत लांब असते.

फुकटच्या ब्रोकरने तुमची ऑर्डर तिथे उभी केली तर रिबेट त्याला मिळतो, थांबायचं तुम्हाला. याहून वाईट म्हणजे ऑर्डर लागते, म्हणजे तिचा सौदा होतो, तेव्हा बाकी सगळीकडची खरेदी संपलेली असते, म्हणजे भाव खाली जायच्या बेतात असतो. वर जाणारा शेअर हुकतो, पडणारा नेमका पदरात पडतो. अशाच एका बिनदलाली खात्यात मला हे इतक्यांदा दिसलं की मोजदाद करायची गरज वाटली नाही.

आयबीकेआर प्रोमध्ये डेस्टिनेशनच्या रकान्यात स्मार्टऐवजी (वाट आपोआप ठरवणाऱ्या पर्यायाऐवजी) बीवायएक्स किंवा आयईएक्स हे एक्सचेंज निवडता येतं. आयईएक्सवर ३५० मायक्रोसेकंदांचा विलंब मुद्दाम ठेवला आहे, त्यामुळे बदलत्या भावाच्या क्षणी मिडपॉइंटला पेग केलेली (त्याच्यासोबत आपोआप सरकणारी) ऑर्डर सहजी लुबाडली जात नाही. यासाठी टिअर्ड योजना घ्या: शेअरमागे ०.३५ सेंट, किमान ३५ सेंट, आणि एक्सचेंजचं शुल्क वा रिबेट तुमच्या खात्यावर. वाट हाताने निवडायची ती फक्त थांबणाऱ्या ऑर्डरसाठी. लगेच लागणारी ऑर्डर एकाच एक्सचेंजला बांधली तर शुल्क अंगावर येतं आणि इतर ठिकाणी मिडपॉइंटला होऊ शकणारा सौदाही हुकतो. कमी उलाढालीच्या शेअरला आयईएक्सवर गिऱ्हाईक फिरकत नाही, तिथे मूळ लिस्टिंगचं एक्सचेंज बरं.

तुमचा सध्याचा ब्रोकर तपासायचा असेल तर ऑर्डर कुठे पाठवल्या हे सांगणारा त्याचा नियम ६०६ चा तिमाही अहवाल उघडा आणि नॉन-मार्केटेबल (लगेच न लागणाऱ्या) लिमिट ऑर्डरचा रकाना पाहा. बहुतांश ऑर्डर एकाच ठिकाणी आणि तिथे १०० शेअरमागची मिळकत सर्वांत जास्त, असं दिसलं तर वरचा त्रास तुम्हालाही होत असणार. तुमच्या स्वतःच्या गेल्या सहा महिन्यांच्या ऑर्डर कुठे गेल्या, हे मागितल्यावर ब्रोकरला सांगावंच लागतं. त्या यादीशेजारी टेप ठेवा. तुमच्या भावाला झालेल्या सौद्यांपुढचं एक्सचेंजचं अक्षर बघा, आणि ‘डी’ लागलेले एक्सचेंजबाहेरचे सौदे वगळा.

महिन्याला दोन-चार खरेद्या, त्याही मार्केट ऑर्डरने, एवढाच व्यवहार असेल तर फिडेलिटी पुरे. तिथे मला तक्रारीला जागा सापडली नाही. लिमिट लावून थांबणाऱ्याने, तेही एका वेळी दोन-तीनशे शेअर घेणाऱ्याने, ३५ सेंटांपासूनची ती दलाली मोजावी असं मला वाटतं.