मोठ्या ऑडिओ फाइल्स क्लायंटला द्यायच्या कशा: ट्रान्सफर लिंक की क्लाउड फोल्डर?

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ रेकॉर्डिंग म्हणजे मिनिटाला १७ एमबी, तासाला एक जीबीच्या वर. चार मिनिटांच्या गाण्याचे चाळीस मोनो स्टेम्स (प्रत्येक वाद्याची, आवाजाची वेगळी फाइल) काढले की १.४ जीबीच्या आसपास. जीमेलला जोडायची मर्यादा २५ एमबी, त्यात मेलमधून जाताना फाइल एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे मेलचा विचार सोडाच. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते, पण महिन्याभराने तीच फाइल गप्पांच्या ढिगाऱ्यात शोधायची वेळ क्लायंटवर येते. म्हणजे खरा सामना ट्रान्सफर लिंक आणि क्लाउड फोल्डर यांच्यात.

वीट्रान्सफरसारख्या सेवांचं मोठं सुख म्हणजे समोरच्याला काही शिकवावं लागत नाही. खातं नको, परवानगी नको. लिंक उघडली, बटण दाबलं, फाइल उतरली. आपल्या क्लाउडमधली जागाही अडत नाही. अडचण एकच आणि ती मोठी: लिंकला आयुष्य असतं. फुकट खात्याचं '२ जीबी आणि सात दिवस' हे वर्षानुवर्षं पाठ असलेलं गणित आता बदललंय, तेव्हा पाठवण्याआधी आजची मर्यादा आणि मुदत बघून घ्या.

माझ्या बाबतीत हे एकदा चांगलंच अंगाशी आलं. शुक्रवारी संध्याकाळी मास्टर, म्हणजे गाण्यांच्या अंतिम फाइल्स, पाठवले आणि निवांत झालो. क्लायंट सुटीवर गेलेला. दोन आठवड्यांनी त्याचा निरोप आला, 'लिंक उघडत नाही.' तोवर सेशन, म्हणजे त्या कामाचं सगळं मूळ रेकॉर्डिंग, बाहेरच्या डिस्कवर गेलेलं. ते शोधा, पुन्हा चढवा. आणि त्याच्या हिशेबाने काम पोचलं ते त्या दिवशी, म्हणजे बिलाची मुदतही तिथूनच सुरू.

फोल्डरला हा धोका नाही. गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवरची लिंक तुम्ही काढेपर्यंत चालते. दुरुस्त मिक्स त्याच फोल्डरमध्ये टाकता येतो. ट्रान्सफरमध्ये दर दुरुस्तीला नवी लिंक जाते आणि क्लायंट हमखास जुनीच उघडतो. मात्र जागा तुमची खर्च होते. ड्राइव्हवर फुकटातले १५ जीबी मेल आणि फोटोंसकट, ड्रॉपबॉक्सवर तर २ जीबीच. तीन-चार कामं झाली की पैसे मोजावे लागतात किंवा जुनं काढावं लागतं.

फोल्डरची खरी कटकट उतरवताना कळते. ड्राइव्हवरचं मोठं फोल्डर डाउनलोड केलं की त्याचे दोन-तीन झिप होऊन येतात. क्लायंट पहिला उघडतो आणि फोन करतो, 'ड्रम्स कुठायत?' म्हणून मी झिप स्वतःच करून एकच फाइल ठेवतो. फाइलची नावं देवनागरीत ठेवायचा मोह आवरतो, कारण काही जुन्या विंडोज मशीनवर झिप उघडल्यावर त्यांचा चुथडा झालेला पाहिलाय. झिप मोठा असला की 'व्हायरस तपासता आला नाही' असा इशारा येतो, तो नेहमीचाच आहे हे आधीच सांगून ठेवतो. परवानगीचं तर विचारूच नका. लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून बघावी. 'अ‍ॅक्सेस मागा' असं दिसलं तर क्लायंटलाही तेच दिसणार आहे.

आणखी एक घोळ दोन्हीकडे होतो. ब्राउझरमध्येच वाजवून 'हाय्स दबलेत' (वरच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येत नाहीत) असा शेरा येतो. तिथे वाजतं ते दाबलेलं रूप असू शकतं. ऐकून मंजुरी द्यायला ३२० केबीपीएसची एमपी३ वेगळी द्या, वेव्ह (न दाबलेली मूळ फाइल) नंतर. फ्लॅक या फाइल प्रकाराने आवाज न बिघडता आकार बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो, पण व्हिडिओवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडेलच असं नाही. शेवटची डिलिव्हरी वेव्हच बरी. मात्र साध्या वेव्हची धाव ४ जीबीपर्यंत, म्हणजे वरच्या मापाने चार तासांच्या थोडं पुढे. त्याहून लांब रेकॉर्डिंग तुकड्यांत द्या.

अप्रकाशित गाणं असेल तर सेवेच्या अटीही वाचाव्यात. जुलै २०२५ मध्ये वीट्रान्सफरच्या नव्या अटींमध्ये मशीन लर्निंगचा उल्लेख आला, कलाकारांनी गदारोळ केला आणि कंपनीला तो भाग काढावा लागला.

बाकीचे पर्याय थोडक्यात. क्लायंट स्टुडिओ असेल आणि त्याचा एसएफटीपी सर्व्हर (फाइल्स थेट चढवायची त्यांची स्वतःची जागा) असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, ते सांगतील तिथे टाका. पूर्ण मल्टिट्रॅक, म्हणजे सगळे मूळ ट्रॅक, शेकड्यांनी जीबी असेल तर डिस्क पाठवा: २० एमबीपीएस अपलोडवर ३०० जीबी जायला ३३ तास लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. डिस्क एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ पद्धतीवर ४ जीबीची फाइल बसत नाही. आणि मिळाल्याचा निरोप येईपर्यंत आपली प्रत पुसू नका.

माझा कौल असा: एकदाच काम असलेला, तंत्राला बिचकणारा क्लायंट असेल तर ट्रान्सफर, दर महिन्याचा पॉडकास्ट किंवा दुरुस्त्या चालणारं काम असेल तर पैसे भरून घेतलेलं फोल्डर. दोन्हीकडे लिंकखाली हे चार शब्द मी न चुकता लिहितो: 'एकच झिप, १.४ जीबी, आत ४२ फाइल्स. लिंक २० तारखेपर्यंत चालेल. उतरवून, उघडून झालं की "मिळालं" एवढं कळवा.' १८ तारखेपर्यंत 'मिळालं' आलं नाही तर फोन मीच करतो.