हेवी लायसन्सचा बारा हजारांचा कोर्स: दहाचाकीवर आठ महिने काढल्यानंतर

गेल्या महिन्यात धुळे-सुरत रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटात रात्री दोन वाजता भरलेली गाडी जागेवर खिळली. तेव्हाच ठरवलं की हेवी, म्हणजे ट्रकसारख्या जड गाडीच्या, लायसन्सच्या या कोर्सबद्दल सविस्तर लिहायचं. याआधी एकदा लिहायला बसलो होतो, तेव्हा ड्रायव्हिंग शाळेला पाचात एकच तारा देणार होतो. ते तसंच राहिलं हे बरं झालं.

कागदपत्रांचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. वय वीस पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं, डॉक्टरांचा १-अ फॉर्म, शिक्षण पूर्ण झाल्याचा शाळेचा ५ नंबरचा फॉर्म. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली आणि आता लायसन्स पाच वर्षं चालतं. दोन ठिकाणी मात्र पैसे वाचवा. शाळेने माझ्याकडे बॅजचेही पैसे मागितले होते. बॅज प्रवासी वाहनाला लागतो, मालाच्या गाडीला नाही. मी दिले नाहीत. आणि तुम्हाला फक्त पिकअप किंवा छोटा टेम्पो चालवायचा असेल तर हेवीच्या मागे लागूच नका. मालासकट एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आमच्या गावातल्या दोन पोरांनी हे माहीत नसल्याने बारा-बारा हजार भरले.

आता माझे बारा हजार. नियमाप्रमाणे हेवीचं शिक्षण तीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान पंधरा तासांचं हवं. म्हणजे रोज अर्धा तास. आमच्याकडे एक जुनी सहाचाकी आणि पोरं पाच. गाडी तासाच्या वर बाहेर असायची, पण त्यात डिझेल भरणं, चहा आणि एकाची जागा दुसऱ्याने घेणं हे सगळं आलं. मी वहीत रोज लिहून ठेवायचो. माझ्या हाती स्टेअरिंग सरासरी बारा मिनिटं आलं. तीस दिवसांचे सहा तास. तासाला आठशे रुपये पडायला हवे होते, पडले दोन हजार. बापाने मका विकून आलेल्या पट्टीतून काढून दिलेले पैसे होते ते, त्यामुळे हा हिशोब माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

त्या सहा तासांतही रिव्हर्स जवळपास नव्हताच. ट्रायलपुरता, म्हणजे आरटीओच्या परीक्षेपुरता, रिकाम्या गाडीचा रिव्हर्स, तोही मोकळ्या मैदानात. ट्रायल पहिल्याच फटक्यात पास झालो आणि लायसन्स पोस्टाने घरी आलं.

कामाचं म्हणाल तर लायसन्स हातात आलं म्हणून कोणी चावी देत नाही. अमळनेरच्या मार्केट यार्डाबाहेर मी आठवडाभर उभा होतो. प्रत्येक मालकाचा पहिला प्रश्न एकच, "किती वर्षं चालवली?" सावदा-फैजपूरकडे केळीच्या गाड्या भरपूर, पण केळीला वेळेचं बंधन असतं, माल रस्त्यात पिकला तर भाडं बुडतं, म्हणून तिथे मुरलेले ड्रायव्हरच घेतात. शेवटी मामाच्या ओळखीने एका दहाचाकीवर किन्नर (क्लीनर, ड्रायव्हरचा मदतनीस) म्हणून लागलो. हेवी लायसन्स खिशात ठेवून तीन महिने ताडपत्री ओढली, दोर आवळले, टामीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोकून पाहिले. नवीन पोरांना माझं सांगणं आहे की याला कमीपणा मानू नका. दोर कसा आवळायचा, वजनकाट्यावर वजन कसं बघायचं, वाराईवरून (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून) हमालांशी कुठवर बोलायचं आणि कुठे थांबायचं, पोच पावती सही-शिक्क्याशिवाय का सोडायची नाही, हे मला आमच्या नानांनी केबिनमध्ये बसवून शिकवलं. नाना म्हणजे गाडीचे जुने ड्रायव्हर. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा त्यांनीच मालकाला सांगून मला सीटवर बसवलं. पगार सोळा हजार, फेरीवर असताना रोजचा भत्ता चारशे. आमची गाडी बहुतेक मका नाहीतर डाळ घेऊन सुरतेला जाते.

दुसऱ्याच महिन्यात सुरतेच्या एका गोदामाच्या धक्क्याला गाडी लावायची होती. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मध्ये जेमतेम जागा. पाऊण तास मला ती लागली नाही. मागे हमाल ओरडत होते, मुनीम घड्याळ दाखवत होता. अखेर शेजारच्या ड्रायव्हरने दोनशे रुपये घेऊन पाच मिनिटांत लावून दिली. त्या रात्री मी तो एक ताऱ्याचा अनुभव लिहायला घेतला होता.

मग कोंडाईबारी झाली, आणि मला शाळेतले उस्ताद आठवले.

उस्ताद साठीच्या घरातले, धुळ्याकडचे, बोलणं सगळं अहिराणीत. आम्हा पाचही पोरांना त्यांचा एकाच गोष्टीचा वैताग यायचा. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून गाडी चालू करायच्या आधी रोज एकाला खाली वाकून हवेच्या टाकीची तार ओढायला लावायचे. फस्सकन हवा आणि तिच्यासोबत तेलकट, तांबूस पाणी बाहेर यायचं. ते पाणी थांबेपर्यंत तार सोडायची नाही. मग इंजिन चालू करून हवेच्या मीटरचे दोन्ही काटे वर चढेपर्यंत गप्प बसायचं. "पहिले हवा देख, मंग गाडी काढ." यात रोजची सात-आठ मिनिटं जायची आणि मी वहीत तीही वाया गेलेली म्हणून मांडायचो. दुसरं त्यांचं म्हणणं, घाट ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारशील तर माझं नाव सांगू नको.

त्या रात्री दहिवेल सोडून घाट उतरत होतो, मका भरलेला, गाडी तिसऱ्यात. मागून साप फुत्कारावा तसा आवाज सुरू झाला. मीटरकडे पाहिलं तर मागच्या ब्रेकचा काटा खाली येत होता. बझर वाजला. गाडी गिअरमध्ये असल्याने वेग हातात होता. ब्रेकवर पाय मारत राहिलो असतो तर होती तीही हवा गेली असती. एकदाच दाबून ठेवला, डावीकडे घेतली, उभी केली. काही क्षणांत मागची चाकं आपोआप जाम झाली. किन्नर पोरगा उतरून चाकांपुढे दगड लावेपर्यंत माझे हात थरथरत होते. न्यूट्रलवर असतो तर आज हे लिहायला राहिलो असतो का, मला खरंच माहीत नाही.

पण पुढचं मला कोणीच शिकवलं नव्हतं. हवा गेली की गाडी जाम का होते, हेच मी मालकाला फोनवर नीट सांगू शकलो नाही आणि शिव्या खाल्ल्या. मालेगावच्या एका ड्रायव्हरभाऊंनी आपली गाडी थांबवली, टॉर्च घेऊन माझ्या गाडीखाली शिरले. मागच्या बूस्टरला (चाकाचा ब्रेक लावणाऱ्या हवेच्या डब्याला) जाणारा होज पाईप फुटला होता. त्यांनी समजावलं की मागच्या बूस्टरमध्ये जाड स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते, हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. फुटलेला पाईप दुमडून तारेने आवळला, बूस्टरमागचा बोल्ट पान्याने फिरवून स्प्रिंग मागे ओढली, आणि पुढच्या ब्रेकवर गाडी अगदी हळू वळणातून काढून सपाटीला लावली. पैसे घेतले नाहीत. सकाळी मिस्त्री आला. पाईप काही शेकड्यांचा, त्याची मजुरी आणि येण्याजाण्याचे मिळून अडीच हजार.

म्हणजे तो बोल्ट दाखवायला शाळेला दहा मिनिटं लागली असती. जुन्या सहाचाकीखाली पोरांना एकदा झोपवून बूस्टर, पाईप, टाकी बोटाने दाखवली असती तरी माझी रात्र आणि मालकाचे पैसे वाचले असते. इतर सगळ्या त्रुटी मी सोडून देईन, ही नाही. प्रवेश घेताना फी विचारण्याआधी हे विचारा की गाडीखाली नेऊन हवेची लाईन दाखवता का. दुसरं, रोजची वेळ वहीत लिहा आणि त्यावर सही मागा.

तारे आता तीन देतो. दोन उस्तादांचे, एक ट्रायलच्या तयारीचा. शाळेच्या मालकाला काही देत नाही.

वही घेऊन मी त्याच्याकडे परत गेलो होतो. नऊ तास बाकी आहेत म्हणालो. आधी हसला, मग डिझेलचे पैसे मागितले. मी तिथेच ऑफिसात बसून राहिलो. नवीन पोरं फी भरायला आली होती, त्यांच्यासमोर वही उघडून दाखवली, तेव्हा कुठे रविवारची सकाळ द्यायला तयार झाला. उस्तादांनी सहाचाकीत वाळूची पोती भरून घेतली आणि दोन पिंपांच्या मधून रिव्हर्स सुरू केला. आतापर्यंत तीन तास झालेत, सहा बाकी आहेत.