विक्रोळीत एसआरए बिल्डिंगमध्ये भाड्याने: वन आरकेचा वापरानंतरचा अनुभव

दादरला लॅबमध्ये नोकरी, सोबत आई, धाकटा भाऊ कॉलेजात. पगार पस्तीस हजारांच्या आसपास. एवढ्यात मुंबईत भाड्याचं घर बघायचं म्हणजे वाटा ठरलेल्या: बदलापूर-नालासोपाऱ्याकडे जा, वस्तीतली खोली घ्या, हेवी डिपॉझिटवाला मालक गाठा, नाहीतर एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडीवाल्यांना मिळालेलं घर. आम्ही विक्रोळी पश्चिमेला पार्कसाइटच्या चढावर एसआरए बिल्डिंगमधलं वन आरके (एक खोली, त्यातच ओटा) घेतलं. पावसाळ्याच्या तोंडावर सामान आणलं, आता करार संपत आलाय. परत घेणार का? हो. पण सहावा मजला नको.

बाकीचे पर्याय का सोडले ते थोडक्यात. बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटर. भाडं निम्म्याहून कमी, पण माझी ड्युटी सकाळी सातची आणि आईचं वय लोकलला लटकायचं नाही. हेवी डिपॉझिटमध्ये पाच-सहा लाख एकरकमी द्यायचे आणि दरमहा भाडं काहीच नाही, ऐकायला छान. पण आपलं डिपॉझिट परत करायला मालकाला पुढचा भाडेकरू मिळावा लागतो, हे कोणी आधी सांगत नाही. आणि एवढी रक्कम असती तर मी हे लिहीत बसले नसते.

एसआरएतली घरं ॲपवर फार दिसत नाहीत. दिसली तरी फोटो भलत्याच बिल्डिंगचे. खरा बाजार वॉचमन, किराणावाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांच्याकडे चालतो. याचं कारण कागदात आहे. झोपडीच्या बदल्यात मिळालेलं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. बरीच वर्षं ही मुदत 10 होती. मुदतीच्या आत घर भाड्याने देणारा मालक रजिस्टर्ड करार करत नाही. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करतो आणि म्हणतो, 'इथे सगळे असंच करतात, ताई.' घर स्वस्त असतं ते बऱ्याचदा याच कारणाने. मग गॅस कनेक्शन, बँकेत पत्ता बदलणं, मुलांचे शाळाप्रवेश, सगळीकडे तो कागद कमी पडतो.

आम्हाला शेजारच्याच विंगमध्ये दीड हजाराने स्वस्त खोली मिळत होती, नोटरीवाली. ती सोडून मुदत उलटून गेलेलं घर घेतलं: भाडं 15,000, डिपॉझिट 60,000. रजिस्ट्रेशनचा खर्च किती, याची लोकांना उगाच धास्ती असते. आमच्या 11 महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्याने पाचशेच्या आत बसलं, नोंदणी फी 1,000, बाकी अंगठे घ्यायला घरी मशीन घेऊन येणाऱ्याचे. खरा खड्डा दलालीचा, एक महिन्याचं भाडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मालकाला गोडीत सांगून बघा, दोनातला एक तरी नरमतो.

आता प्रत्यक्ष राहण्याचं. जुन्या योजनांमधली घरं 225 चौरस फुटांची, नंतर 269, मग 300. आमचं 269 चं आहे. ओटा, मोरी, संडास आतच. आईला वस्तीतल्या सार्वजनिक संडासाच्या रांगेची सवय होती, तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. तिघं झोपलो की दाराकडे जायला वाट उरत नाही, म्हणून पलंग घेतलाच नाही. गाद्या सकाळी माळ्यावर. पाणी साडेपाचला, तासभर. मोरीत दोनशे लिटरचं पिंप ठेवलंय, ते भरलं की दिवस निघतो.

उजेड हा मुद्दा फार जण विसरतात. समोरची बिल्डिंग इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आई आमचा गॅस बंद करायला उठते. सहाव्या मजल्यावर दुपारी थोडं ऊन येतं. पहिल्या-दुसऱ्यावर दिवसा ट्यूब लावून बसतात. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींवर 2018 साली अभ्यास झाला, त्यात अशा कोंदट खालच्या मजल्यांचा आणि क्षयरोगाचा संबंध दिसला होता. तेव्हा घर बघायला दुपारी जा आणि दिवे बंद करायला लावा. एजंट आधीच सगळे लावून ठेवतो.

मग वरचा मजला घ्यावा, तर लिफ्ट. आमच्या विंगची लिफ्ट गणपतीच्या आधी बंद पडली ती दिवाळीनंतर सुरू झाली. दारावर 'काम चालू आहे' असा कागद होता, त्यावरची तारीख पेनाने तीनदा खोडून पुढे ढकललेली. दोष एकट्या सेक्रेटरीचा नाही. जुन्या योजनांत बिल्डर देखभालीसाठी घरटी 20,000 रुपये ठेवायचा, त्याच्या व्याजात लिफ्टची मोटर येत नाही. मेंटेनन्स वाढवायचा म्हटलं की मूळचे रहिवासी चिडतात, आणि त्यांचंही खोटं नाही. झोपडीला महिन्याचा मेंटेनन्स नव्हता. या सगळ्यात आईचे गुडघे गेले. तिसरा-चौथा मजला मिळत असेल तर हजारभर जास्त द्या. लिफ्टबद्दल मालकाला विचारू नका, जिन्यात भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

माणसं चांगली मिळाली. मोठ्या सोसायट्यांत आडनाव विचारून झालं की 'नॉनव्हेज चालणार नाही' ऐकायला मिळायचं. इथे पहिल्याच रविवारी शेजारच्या काकूंनी सुकटीची चटणी पाठवली. रात्री उशिरा परतले तरी पॅसेजमध्ये कोणीतरी जागं असतं. विक्रोळीला फास्ट गाड्या थांबत नाहीत, पण स्लोने दादर जवळ आहे.

सोसायटी भाडेकरूच्या नावाने मालकाकडून जादा पैसे घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतात. आमच्या मालकाने ते भाड्यात मिळवायला बघितलं, मी करारात 'मेंटेनन्स व इतर शुल्क मालकाकडे' असं लिहून घेतलं होतं. विजेचा मीटर वेगळा आहे ना, मागचं बिल थकलेलं नाही ना, हेही चावी घ्यायच्या आधी बघा.

सध्या मालक 10 टक्के वाढ मागतोय, मी 5 वर अडलेय. चौथ्या मजल्यावरचं एक घर रिकामं होतंय असं वॉचमनने सांगितलंय, पण त्याचा रजिस्टर्ड करार होतो का ते अजून बघायचंय.