भाड्याची कबड्डी मॅट : डाव्या कोपऱ्याच्या पायाखाली कशी पडते

आधी निकाल सांगतो. मालाला पाचपैकी चार, तो मांडून देण्याच्या कामाला दोन.

सोलापुरात कॉलेजांच्या कबड्डी सामन्यांना एका पुरवठादाराकडून भाड्याने येते त्या मॅटबद्दल हे लिहिलं आहे. तुकडे १ मीटर बाय १ मीटरचे, २५ मिलिमीटर जाड, ईव्हीए फोमचे, दातेरी कडांचे. अंगठ्याने जोरात दाबलं तर खळगा पडतो आणि बोट काढताच भरून येतो. पृष्ठभागाची खरखर अजून शाबूत आहे. वेळेवर टेम्पो येतो, चार माणसं लावली तर दीड-दोन तासांत मैदान उभं राहतं. एवढ्यावर बहुतेक आयोजक खूश होतात, कारण मॅट कशी आहे हे ते चढाईपटूला विचारतात. विचारायचं असतं ते कोपऱ्याला, म्हणजे बचावाच्या फळीत टोकाला उभ्या असणाऱ्या खेळाडूला.

चढाईपटू सतत हलता असतो, एखादा सांधा पायाखाली आला तरी पुढच्या पावलात निघून जातो. कोपरारक्षक जवळपास एकाच जागी उभा राहून वाट पाहतो आणि मग उभ्या जागेवरून एका पायाच्या रेट्यावर घोट्याकडे झेपावतो. सगळा जोर एका चवड्यावर. प्रो कबड्डीत सर्वाधिक पकडींचे गुण ज्याच्या नावावर आहेत तो इराणचा फझल अत्राचली डावा कोपराच, आपला गिरीश इरनकही डावा कोपराच. तालुक्याच्या कॉलेजांत तर बचाव उभा करताना आधी डावा कोपरा ठरतो, मग त्याच्या शेजारी आतल्या बाजूला त्याचा हात धरून उभा राहणारा इन, मग बाकीचे पाच. त्या एका खेळाडूचा पाय सटकला की उरलेल्या साखळीला करण्यासारखं काही राहत नाही.

आता गणित. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. दोन्ही बाजूंची १-१ मीटर लॉबी, म्हणजे झटापट सुरू झाल्यावरच खेळात येणारा कडेचा पट्टा, या १० मीटरमध्येच धरलेली. मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाईत निदान ओलांडावीच लागते ती) ३.७५ मीटरवर, बोनस रेषा आणखी १ मीटर मागे. पुरवठादार १५ बाय १२ अशी १८० तुकड्यांची मॅट टाकतो, म्हणजे मैदानाच्या भोवती एकेक मीटर काठ. दिसायला सुटसुटीत. पण या मांडणीत लॉबीची रेषा अथपासून इतिपर्यंत सांध्यावरच येते. चार तुकड्यांचे कोपरे एकत्र येतात तो बिंदू बोनस रेषेच्या फक्त २५ सेंटिमीटर पुढे, बरोबर लॉबीच्या रेषेवर पडतो. कोपऱ्याचा बाहेरचा पाय तिथेच असतो. मॅटवरची सगळ्यात कच्ची जागा नेमकी सगळ्यात जास्त रेटा घेणाऱ्या पायाखाली.

नवीन मॅटवर हे जाणवत नाही. दाते झिजायला लागले की जाणवतं. कोपरा आतल्या बाजूला झेपावतो तेव्हा त्याचा पाय तुकड्याला बाहेर ढकलतो. सांधा उघडतो, बुटाचं नाक फटीत अडकतं आणि झेप वीतभर कमी पडते. घोट्याच्या जागी बोटांत फक्त टाच येते. प्रेक्षक म्हणतात, पकड सोडली. पायाने आधीच दगा दिलेला असतो.

या मॅटवरच्या एका सामन्यात डाव्या कोपऱ्याचं चांगलं निरीक्षण करता आलं. पोरगा दणकट, घोटापकडीत हात पक्का, आणि त्याच्या संघाचा बचावही चांगला बसलेला. कोपरा पुढे सरकला की इन त्याच्याबरोबर सरकायचा, इनच्या पलीकडचा बचावपटू, म्हणजे कव्हर, अर्धं पाऊल मागे राहून धडकेसाठी मोकळा. पहिल्या काही चढायांत त्याने दोनदा बूट त्या सांध्यावर घासून पाहिला, खाली नजर टाकली आणि उभं राहण्याची जागा फूटभर आत घेतली. तिथून बिघडलं. कोपरा आणि लॉबीच्या रेषेत जागा सुटली आणि समोरच्या चढाईपटूने ती लगेच हेरली. बाहेरच्या बाजूने पाय घालून बोनस रेषा ओलांडायची, मागचा पाय हवेत, आणि परत. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना याचा बोनस गुण मिळतो, त्यामुळे भरल्या संघालाच याचा फटका बसत राहिला. शेवटी त्यांच्या कर्णधाराने कोपऱ्याला मूळ जागी पाठवलं आणि इनला त्याचा हात सैल धरायला सांगितलं, म्हणजे पाय सटकला तरी दोघं एकत्र आडवे होणार नाहीत. तात्पुरता इलाज म्हणून शहाणपणाचा होता, पण साखळीचा अर्धा दम त्यात गेला.

खरा इलाज मांडणीत आहे आणि खर्च २८ तुकड्यांचा. १५ बाय १२ ऐवजी १६ बाय १३ टाकून घ्यायची, २०८ तुकडे. काठ चारी बाजूंनी दीड मीटर होतो. बाजूच्या रेषा, लॉबीच्या रेषा आणि अंतिम रेषा, सगळ्या तुकड्यांच्या मधोमध येतात. मध्यरेषा तेवढी सांध्यावर जाते, तिथे कुणी ताटकळत उभं राहत नाही. दुसरा फायदा कव्हरचा. धडक मारून चढाईपटूला बाहेर काढलं की दोघं मिळून रेषेच्या बाहेर मीटरभर तरी जातात. १ मीटरच्या काठावर खांदा मॅटवर आणि कोपर फरशीवर अशी गत होते. दीड मीटरला निभावतं.

पुरवठादार यावर कुरकुर करतो. कारण रंग. त्याची लॉबी पिवळ्या तुकड्यांची, आतलं मैदान निळं. अर्धा तुकडा सरकवला की रंगाची सीमा आणि रेषा जुळत नाहीत, फोटोत विचित्र दिसतं. त्याला सरळ सांगायचं, सगळी मॅट एकाच रंगाची दे, रेषा आम्ही टेपने मारू. निळे तुकडे कमी पडले तर पिवळे बाहेरच्या काठाला लावायचे.

मुलींच्या सामन्याला हीच मॅट वापरताना एक मेख आहे. त्यांचं मैदान १२ बाय ८, निदानरेषा मध्यापासून ३ मीटरवर, बोनस ४ वर. १६ रांगांच्या मॅटवर मध्यरेषा बरोबर मधल्या सांध्यावर मारली तर या दोन्ही रेषा सांध्यांवर येतात. म्हणून मध्यरेषा अर्धा मीटर एका बाजूला सरकवून मारायची. एका टोकाला दीड आणि दुसऱ्या टोकाला अडीच मीटर काठ राहतो, बिघडत काही नाही. दोन्ही सामने एकाच दिवशी असतील तर टेपचे दोन रंग ठेवा आणि पंचांना आधी दाखवा.

टेपवरूनच सांगतो. खाकी पॅकिंग टेप चालणार नाही, घाम लागला की ती काचेसारखी गुळगुळीत होते. कापडी टेप घ्या, रुंदी ५ सेंटिमीटरच्या वर नको. आधी ओल्या फडक्याने पट्टा पुसायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मगच टेप. धुळीवर मारलेली टेप पहिल्या सामन्यातच कडेने उचलते आणि पायाला गुंडाळते.

मॅटखाली काय आहे यावर २५ मिलिमीटर पुरतं की नाही ते ठरतं. सभागृहात सपाट काँक्रीट असेल तर पुरतं. आपल्याकडे जुन्या इमारतींतून शहाबादी फरशी असते, तिचे सांधे वरखाली. त्यावर ही मॅट टाकली की कुठेतरी तुकडा डुगडुगतो. एका कोपऱ्यावर पाय दिला आणि समोरचा कोपरा हलला तर तिथे खालून जाड पुठ्ठा किंवा जुना फोम घालून पातळी करा. उघड्या मैदानावर मुरूम असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवायचा. सकाळी पाणी मारलं तर ओल ताडपत्रीखाली राहते आणि अख्खी मॅट रेट्यासरशी सरकते. अशा वेळी कोपऱ्याने झेप घेतली की तो कमी आणि मॅट जास्त हलते.

आपलं ऊन वेगळं सांगायला नको. फोम तापला की पसरतो. सकाळी थंडीत ठोकून घट्ट बसवलेली मॅट दुपारी मध्येच पोट काढते. हे टाळायचं तर मांडणी मधल्या रांगेपासून सुरू करून बाहेर न्यायची, तुकडे हाताच्या दाबाने बसतील तेवढेच बसवायचे, हातोडीने नाही. बाहेरच्या काठाला भिंत किंवा खांब चिकटता कामा नये, तिथे बोटभर मोकळीक हवी. आणि उघड्यावर असाल तर मंडपाचं कापड फक्त पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नको, मॅटवर आधी.

पुरवठादाराची माणसं या बाबतीत ढिली आहेत. एका कोपऱ्यातून सुरुवात करतात, शेवटची रांग बसेना की पाय आपटून बसवतात. तिथेच दाते मोडतात. टेम्पोतून आणताना गठ्ठ्यावर दोरी थेट आवळतात, तीही कडांवर. वर-खाली फळी घातली तर हा प्रश्न संपतो, पण फळी कुणी आणत नाही. सुटे तुकडे मागितल्याशिवाय देत नाहीत. किमान ८ ते १० जादा तुकडे घ्या आणि खराब निघालेले बाहेरच्या काठाला टाका. बोनस रेषेच्या आसपास दोन्ही टोकांना चारही कोपऱ्यांत सगळ्यात कमी झिजलेले तुकडे यायला हवेत. निवडायची पद्धत सोपी : दोन तुकडे जोडा, एक उचला. दुसरा लटकून राहिला तर घ्या, सुटून पडला तर काठाला. मांडून झाल्यावर लॉबीच्या रेषेवरून रुपयाचं नाणं उभं धरून सांध्यांवर फिरवा. जिथे आत शिरतं तिथला तुकडा बदला.

घामाचं काम दोन मुलांवर सोपवा, प्रत्येक टोकाला एक, हातात कोरडा टॉवेल. पकड झाली की चढाईपटू उठायच्या आत ती जागा पुसलेली हवी. ओला पोछा फक्त मध्यंतरात, आणि साबणाच्या पाण्याचा तर कधीच नाही, त्याचा थर राहतो आणि संध्याकाळपर्यंत सगळेच घसरतात. बाहेरच्या बुटांनी मॅटवर कुणी येऊ नये. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांनीही. सोलापूरची धूळ बारीक असते, खरखरीत बसली की ग्रिप गेलीच.

बुटांबाबत थोडक्यात. रोज मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलांना मॅटवर आल्यावर बूट जड वाटतात आणि ती एक नंबर मोठा घेतात. कोपऱ्याला हे परवडत नाही. पाय बुटात पुढे सरकला की रेटा वाया जातो. रबरी तळ, चवड्याखाली वळणारा, टाच घट्ट. गुडघ्याला पॅड हवाच, डाव्या-उजव्या दोन्ही.

भाडं ठरवताना दिवसाचं आणि तुकड्यांचं वेगवेगळं लिहून घ्या, शिवाय मांडणी कुणाकडे आणि उचलणी कुणाकडे हेही. अनामत परत घेताना मोडक्या दात्यांवरून हमखास वाद होतो. त्यामुळे टेम्पोतून उतरतानाच तुकडे मोजा, आधीच मोडलेले वेगळे काढा आणि त्यांचा फोटो पुरवठादाराच्याच फोनवर पाठवून ठेवा.