जॉब्स की गेट्स, आधी कुणाचं करिअर नीट समजून घ्यायचं?

कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरायचंय आणि एकाच माणसाचं करिअर खोलात वाचायला वेळ आहे, तर स्टीव्ह जॉब्स घ्यावा की बिल गेट्स, हे बरेच जण विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे, आधी गेट्स, आणि त्यातही १९७५ ते १९८१ एवढाच काळ.

दोघंही १९५५ चे. गेट्सने पॉल अॅलनबरोबर अल्टेअर ८८०० या सुरुवातीच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली आणि १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट सुरू केली, जॉब्सने पुढच्याच वर्षी इंजिनिअर मित्र स्टीव्ह वोझनियाकबरोबर अॅपल. खरी मजा १९८० मध्ये आहे. आयबीएम या मोठ्या कॉम्प्युटर कंपनीला पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम (कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) हवी होती, मायक्रोसॉफ्टकडे स्वतःची नव्हतीच, मग त्यांनी सिअॅटलच्याच एका कंपनीकडून ८६-डॉस ही सिस्टिम सगळं मिळून ७५ हजार डॉलरला घेतली, सुधारली आणि आयबीएमला दिली, पण ती दुसऱ्यांनाही विकायचा हक्क मात्र स्वतःकडेच ठेवला. ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी बाजारात आला, मग कॉम्पॅकसारख्यांनी तसेच कॉम्प्युटर बनवायला घेतले आणि प्रत्येकाला मायक्रोसॉफ्टची हीच डॉस लागायची. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर पार्ट जोडून असेंबल्ड पीसी मिळायचे आणि घराघरातली पोरं एमएस-सीआयटी विंडोजवर शिकली, त्याचं मूळ या एका करारात आहे असं मला मनापासून वाटतं.

जॉब्सचा रस्ता बरोबर उलटा, हार्डवेअर आपलं, सॉफ्टवेअर पण आपलं. झेरॉक्सच्या पार्क नावाच्या संशोधन लॅबमध्ये १९७९ साली त्याने स्क्रीनवरच्या खिडक्या, माऊस वगैरे पाहिलं आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणला, २,४९५ डॉलरला, मेमरी फक्त १२८ केबी. सुंदर मशीन होतं पण महाग, आणि सुरुवातीला त्यावर चालवायला सॉफ्टवेअरच फार नव्हतं. १९८५ मध्ये त्याला स्वतःची कंपनी सोडावी लागली.

त्याचे स्टेजवरचे व्हिडिओ सगळेच बघतात, पण शिकायचं असेल तर नेक्स्टची, म्हणजे अॅपल सोडल्यावर त्याने काढलेल्या कॉम्प्युटर कंपनीची, वर्षं वाचा. ६,५०० डॉलरचा काळा क्यूब फारसा खपला नाही, तरी वेबचा जनक टिम बर्नर्स-लीने पहिला वेब ब्राउझर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत नेक्स्टवरच लिहिला, आणि अॅपलने नेक्स्ट विकत घेतल्यावर तीच सिस्टिम मॅक ओएस एक्सचा पाया झाली, पुढे आयफोनचाही. धंदा म्हणून फसलेली गोष्ट एवढी लांब टिकते, हे मला आयपॉडच्या यशापेक्षा मोठं वाटतं.

गेट्सची काळी बाजूही वगळू नका. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मक्तेदारीचा खटला भरला, कारण विंडोजच्या जोरावर नेटस्केप या प्रतिस्पर्धी कंपनीला ब्राउझरच्या बाजारातून हटवायचा प्रयत्न झाला होता, आणि कोर्टाने मायक्रोसॉफ्टला दोषी धरलं. लायसन्स हातात ठेवायची जी हुशारी १९८० मध्ये होती, तिचीच ताकद नंतर दुसऱ्यांच्या गळ्याशी आली.

डिझाइन किंवा हार्डवेअर करणाऱ्यांनी आधी जॉब्स घेतला तरी चालेल, फक्त त्याच्याबरोबर वोझनियाकही वाचा, कारण १९७७ च्या अॅपल टू चं सर्किट त्याचं आहे आणि कंपनी कितीतरी वर्षं त्याच मशीनच्या कमाईवर चालली.