कॅन्सरमध्ये वजन आणि अंगातली ताकद घटते तेव्हा आयएल-१५ द्यायचं की जीडीएफ-१५ अडवायचं?

दोन्ही शरीरातच बनणारी, पेशींना निरोप देणारी प्रथिनं आहेत. दोन्हीत १५ आहे म्हणून गोंधळू नका, एक वाढवायचंय आणि दुसरं दाबायचंय. आयएल-१५ टी-सेल आणि एनके सेल ह्या रोगप्रतिकारक पेशींना ट्यूमरवर सोडतं, शिवाय ते स्नायूंतही बनतं, आणि ट्यूमर असलेल्या उंदरांवरच्या प्रयोगात त्याने स्नायूंची झीज कमी झाली, म्हणजे एका दगडात दोन पक्षी वाटतं ना? पण माणसात अजून एकच पक्षी पडलाय. २०२४ मध्ये अमेरिकेत अँक्टिव्हाला, म्हणजे आयएल-१५ सारखंच काम करणाऱ्या औषधाला, परवानगी मिळाली ती बीसीजीसोबत मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी, अशक्तपणासाठी नाही.

जीडीएफ-१५ चा खेळ डोक्यात चालतो. रक्तात ते वाढलं की मेंदूच्या खालच्या भागातल्या जीएफआरएएल रिसेप्टरला (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या खाचेला) चिकटतं आणि मळमळ सुरू, भूक गायब. आमच्या काकांना नुसत्या फोडणीच्या वासाने उमासे यायचे, ताट तसंच राहायचं, आता ते केमोमुळे की ह्यामुळे कोण सांगणार. पॉन्सेग्रोमॅब हे अँटिबॉडीचं इंजेक्शन त्यालाच पकडतं, २०२४ च्या १८७ पेशंटच्या ट्रायलमध्ये ४०० मिग्रॅ डोसवाल्यांचं वजन १२ आठवड्यांत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनपेक्षा) साधारण २.८ किलो जास्त भरलं. ट्यूमर मात्र ह्याने आटेल असं समजू नका, ते ह्याचं काम नाही.

अंगात ताकद नाही हीच मुख्य तक्रार असेल तर मला दुसरा रस्ताच जवळचा वाटतो.